डिजिटल डुप्लिकेटर जपानहून मागवायचाय: ८४४३ की ८४७२?

शाईवाली, जयसिंगपूर

नमस्कार मंडळी. मशीन कस्टम्सच्या कोणत्या वर्गीकरण क्रमांकात येतं, हा प्रश्न आहे. तो लांबट आहे, पण तपशील दिल्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

जयसिंगपुरात आमचा छोटा छापखाना आहे. सासऱ्यांनी सुरू केला तेव्हा हाताने फिरवायचं सायक्लोस्टाइल मशीन होतं. टाइपरायटरची रिबन बाजूला करून मेणकागदाचं स्टेन्सिल कापायचं, ड्रमवर चढवायचं आणि हँडल फिरवत उभं राहायचं. ते मशीन अजून माळ्यावर आहे, मी विकू दिलेलं नाही. आज आमच्याकडे कामं येतात ती शाळांच्या चाचणी परीक्षांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांच्या सभेच्या नोटिसा आणि क्लासवाल्यांच्या नोट्स. एका कागदाच्या ३०० ते ६०० प्रती. एवढ्या प्रती झेरॉक्सवर काढल्या तर टोनर परवडत नाही, आणि ऑफसेटची प्लेट करावी तर आकडा लहान पडतो. मधल्या या कामाला डिजिटल डुप्लिकेटरच लागतो.

माझा आतेभाऊ पुण्यात एका जपानी कंपनीत आहे. त्याच्या ओळखीतून ओसाकाजवळच्या एका विक्रेत्याची दोन कोटेशनं आली आहेत:

एक, नवा ए-थ्री डुप्लिकेटर, दोन ड्रमचा म्हणजे एका फेरीत दोन रंग, नेटवर्क कार्डासह. सोबत मास्टर रोल आणि शाईच्या ट्यूब. न्हावा शेव्यापर्यंत भाडं आणि विमा धरून साधारण ४ लाख.

दुसरं, वापरलेलं मल्टिफंक्शन मशीन, कॉपी-प्रिंट-स्कॅनवालं, पहिल्याच्या निम्म्याहून कमी किमतीत.

तीन सीएचएंना (कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या एजंटांना) विचारलं, तीन उत्तरं आली. पहिले म्हणाले, "इनव्हॉइसवर नेटवर्क प्रिंटर असं लिहून घ्या, ८४४३ ३२ मध्ये टाकू, बेसिक ड्यूटी शून्य." दुसरे म्हणाले, हे कॉपी मशीन आहे, ८४४३ ३९. तिसऱ्यांनी ८४७२ १० सांगितलं आणि पुढे काही बोललेच नाहीत.

पहिल्यांचं ऐकायला मन धजत नाही. सहा वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यामार्फत कटिंग मशीन मागवलं होतं. त्याने इनव्हॉइसवर काय वर्णन लिहिलंय ते मी वाचलंसुद्धा नव्हतं. माल २३ दिवस अडकला. दंड वेगळा, सीएफएसचं म्हणजे बंदराच्या कंटेनर गोदामाचं भाडं वेगळं, आणि ऐन सहामाहीच्या हंगामात शाळांना दिलेला शब्द मोडला तो वेगळा. दोन शाळा तेव्हा गेल्या त्या परत आल्याच नाहीत. या वेळी कागद माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत असं ठरवलंय.

खरं वर्गीकरण कोणतं? आणि दुसरं कोटेशन विचारात घ्यावं का?

निवृत्त अप्रेझर, डोंबिवली

ताई, मी कस्टम्समध्ये अप्रेझर, म्हणजे मालाचं वर्गीकरण आणि किंमत तपासणारा अधिकारी होतो आणि मशिनरीच्या ग्रुपमध्ये बरीच वर्षं काढली. तुम्ही माल निघायच्या आधी विचारताय, हे फार बरं केलंत. आमच्यासमोर लोक यायचे ते माल धक्क्यावर पडल्यावर.

दर क्षणभर बाजूला ठेवा आणि मशीन प्रत कशी काढतं ते बघा. डिजिटल डुप्लिकेटरमध्ये मूळ कागद स्कॅन होतो. थर्मल हेड मास्टरच्या पातळ फिल्मला बारीक भोकं पाडतं. तो मास्टर ड्रमवर गुंडाळला जातो, आणि ड्रमच्या आतली शाई त्या भोकांतून दाबाने कागदावर उतरते. आता माळ्यावरचं मशीन आठवा. तिथे टाइपरायटरचा खिळा मेण फाडायचा, इथे ते काम थर्मल हेड करतं. पुढचं सगळं तेच आहे: ड्रम, आतली शाई, बाहेरून सरकणारा कागद. हे स्टेन्सिल डुप्लिकेटिंग आहे, आणि ८४७२ या शीर्षकात (म्हणजे चार आकडी गटात) हेक्टोग्राफ आणि स्टेन्सिल डुप्लिकेटिंग मशीनचा नाव घेऊन उल्लेख आहे. ८४७२ १० ०० ही त्यातली डुप्लिकेटिंग मशीनची ओळ. माझ्या मते तुमच्या पहिल्या मशीनची जागा हीच.

विरोधात काय म्हटलं जाईल तेही सांगतो. हार्मोनाइज्ड सिस्टमच्या, म्हणजे देशोदेशीच्या कस्टम्सच्या सामायिक वर्गवारीच्या, स्पष्टीकरणात या शीर्षकाखाली मेणकागदाची, लेखणीने किंवा टाइपरायटरने कापलेली स्टेन्सिलं वर्णिलेली आहेत. कुणी म्हणेल, तुमचा मास्टर तर मेणकागद नाही. मला हा मुद्दा लंगडा वाटतो. शीर्षकात शब्द आहे तो स्टेन्सिलचा, ते कशाने कापायचं हे शीर्षक सांगत नाही. पण अधिकारी हा मुद्दा काढू शकतो, तेव्हा तयारीत राहा.

८४४३ ३९ वाल्या सीएचएंची गल्लत कुठून होते ते मला कळतं. २००६ पर्यंत फोटोकॉपी मशीन ९००९ मध्ये असायची. १ जानेवारी २००७ पासून ते शीर्षकच गेलं आणि प्रिंटर, कॉपीअर, फॅक्स सगळे ८४४३ मध्ये एकत्र आले. तेव्हापासून प्रत काढणारं काहीही दिसलं की लोक ८४४३ म्हणतात. पण नेहमीच्या झेरॉक्समध्ये प्रकाशाला संवेदनशील ड्रम असतो, विद्युतभाराने टोनर चिकटतो आणि फ्यूजर तो गरम करून बसवतो. तुमच्या मशीनमध्ये यातलं काहीच नाही. कागद थंडच बाहेर पडतो, हात लावून बघता येईल.

राहिलं ८४४३ ३२. संगणकाला किंवा नेटवर्कला जोडता येणारे प्रिंटर तिथे येतात. माहिती तंत्रज्ञान करारामुळे त्यांच्यावर बेसिक ड्यूटी नाही, म्हणून सगळ्यांचा ओढा तिकडे. नेटवर्क कार्ड आहे हे खरं, आणि कुणी तो युक्तिवाद प्रामाणिकपणे मांडला तर मी त्याला खोटा म्हणणार नाही. पण टॅरिफच्या सोळाव्या विभागाची टीप ३ सांगते की अनेक कामं करणारं मशीन त्याच्या मुख्य कामावरून ओळखावं. २०१० मध्ये झेरॉक्स इंडियाच्या मल्टिफंक्शन मशीनचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. काळ २००७ च्या आधीचा, म्हणून शीर्षकं जुनी होती, ८४७१ ६० (संगणकाला जोडायची उपकरणं) विरुद्ध ८४७९ ८९ (इतर यंत्रं). न्यायालयाने आत पाहिलं. सुमारे ८५ टक्के भाग छपाईच्या कामाचे होते, त्यावरून छपाई हे मुख्य काम ठरलं आणि कंपनी जिंकली. तीच फूटपट्टी तुमच्या मशीनला लावा. कार्ड काढून ठेवलं तरी मशीन प्रती काढतच राहील. ड्रम आणि मास्टर काढले तर उरतो नुसता स्कॅनर.

(अशी भांडणं आपल्याकडेच होतात असं नाही. युरोपियन संघ मिनिटाला १२ हून जास्त पानं काढणाऱ्या मल्टिफंक्शन मशीनवर ६ टक्के ड्यूटी लावत होता. अमेरिका, जपान आणि तैवानने तक्रार केली आणि २०१० मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने ते करारात बसत नाही असं ठरवलं. कापडावरून नव्हे, कॉपी मशीनवरून देश भांडतात हे तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये फार चर्चेत होतं.)

आणखी एक. कंपनी तीच, आकार तसाच, पण आत इंकजेट हेड असलेली वेगवान मशीनही मिळतात. त्यात स्टेन्सिल नसतं, म्हणून ती नेटवर्कवर चालत असतील तर ८४४३ ३१ किंवा ३२ मध्येच जातात. तेव्हा कोटेशनवरचा मॉडेल क्रमांक आणि कॅटलॉग जुळवून घ्या. नावावर जाऊ नका.

आता पैशाचं. दर लागतो तो बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टम्सकडचं विवरणपत्र) दाखल केल्याच्या दिवसाचा, आणि ते आगाऊ भरलं असेल तर जहाजाला प्रवेश मिळाल्याच्या दिवसाचा. म्हणून मी फक्त हिशोबाची रीत दाखवतो. समजा बेसिक १० टक्के आहे. ४,००,००० वर ४०,०००. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ४,०००. मग ४,४४,००० वर १८ टक्के आयजीएसटी, ७९,९२०. एकूण १,२३,९२०. बेसिक शून्य असती तर फक्त आयजीएसटी, ७२,०००. फरक ५१,९२० चा दिसतो. पण छापखाना जीएसटीत नोंदलेला असेल तर आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे खिशातून खरे जातात ते ४४,०००.

या ४४,००० साठी "नेटवर्क प्रिंटर" लिहून देऊ नका. एप्रिल २०११ पासून स्वयंनिर्धारण आहे, वर्णनाची जबाबदारी आयातदाराची. माल सुटला म्हणजे विषय संपला असं होत नाही. मुद्दाम चुकीचं वर्णन केल्याचं निघालं तर कस्टम्स कायद्याच्या कलम २८(४) खाली पाच वर्षं मागे जाऊन मागणी येते, वर व्याज, आणि कलम ११४ए खाली ड्यूटीएवढा दंड. सहीखाली नाव तुमचं असेल, सीएचएचं नव्हे.

माझा सल्ला: ८४७२ १० ०० मध्ये खऱ्या वर्णनासह भरा, कॅटलॉग जोडा. अधिकाऱ्याने बदललं आणि तुम्हाला पटलं नाही तर ते लेखी कळवा. कलम १७(५) प्रमाणे त्याला १५ दिवसांत कारणांसह आदेश द्यावा लागतो आणि त्यावर ६० दिवसांत अपील करता येतं. दरवर्षी मशीन आणणार असाल तर आगाऊ निर्णयाचा, म्हणजे माल आणण्याआधीच वर्गीकरण ठरवून घेण्याचा, रस्ता आहे. त्याचं प्राधिकरण मुंबईतही आहे, अर्जाची फी १०,०००, निर्णय तीन महिन्यांत. एका मशीनसाठी मी एवढं करणार नाही.

डॉक्सवाला, उरण

काकांनी वर्गीकरण मस्त सांगितलं, मी पण जपून ठेवतोय. पण ताई, मी रोज न्हावा शेव्याला कागद घेऊन फिरतो, तुमचा माल ड्यूटीवरून नाही अडकणार. बीआयएसवरून, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीवरून अडकेल.

इलेक्ट्रॉनिक्सची सक्तीची नोंदणी आहे, २०१२ च्या ऑर्डरने सुरू झालेली. प्रिंटर पहिल्या यादीतच होते. नोव्हेंबर २०१४ च्या यादीत कॉपी मशीन आणि डुप्लिकेटर असं स्पष्ट लिहून आलं. नोंदणी आयातदाराची नसते, कारखान्याची असते, त्या ब्रँडसाठी. मशीनच्या पाटीवर आर आणि आठ आकडी नंबर पाहिजे. तो नसेल तर ८४४३ लिहा नाहीतर ८४७२ लिहा, माल सुटत नाही. परत पाठवा, नाहीतर मोडून भंगारात.

वायफाय असेल तर डब्ल्यूपीसीचं ईटीए (दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची मंजुरी) पण विचारतात. केबलवालं साधं कार्ड असेल तर त्याची गरज नाही. आधी विक्रेत्याकडून पाटीचा फोटो मागवा. आज मागवा.

दुसरं कोटेशन तर विसरूनच जा. जुनी मल्टिफंक्शन मशीन हा वेगळाच धंदा आहे. २०१९ च्या जानेवारीत अतुल ऑटोमेशन्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ही मशीन निर्बंधित आहेत (परवान्यावर आणता येतात), प्रतिबंधित नाहीत (पूर्ण बंदी नाही), म्हणून दंड भरून सोडता येतील. लोकांनी पेढे वाटले. मे महिन्यात डीजीएफटीची (विदेश व्यापार महासंचालनालयाची) अधिसूचना आली: नोंदणीच्या यादीतला माल नवीन असो, जुना असो, दुरुस्त केलेला असो, बीआयएसशिवाय आणता येणार नाही. त्याशिवाय घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली पर्यावरण मंत्रालयाची परवानगी, चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला... एका मशीनसाठी कुणी करत नाही हे.

निवृत्त अप्रेझर, डोंबिवली

बरोबर आहे. मी शीर्षकातच गुंतलो आणि बीआयएसचं लिहायचं राहिलं. ते माझ्या उत्तरात पहिलं यायला हवं होतं. ताई, पाटीचा फोटो आधी.

मशीन दुरुस्ती, पुणे (अप्पा बळवंत चौकाजवळ)

मी डुप्लिकेटरच दुरुस्त करतो, म्हणून एक भर. फोटोत व्होल्टेज बघा. जपानच्या घरगुती बाजाराचं मशीन १०० व्होल्टचं असतं. ट्रान्सफॉर्मर लावून चालतं, मी लावून दिलेत. पण काही कंपन्या देशानुसार शाईच्या आणि मास्टरच्या चिपचा कोड बदलतात. मग इथली शाई घातली की पॅनेलवर एरर येतो आणि रोलसुद्धा प्रत्येक वेळी तिकडूनच मागवावे लागतात. दोन शाळांमध्ये अशी मशीन नुसती झाकून ठेवलेली पाहिलीत. एकीत ड्रमची जाळी शाई वाळून कडक झाली होती, ती पुन्हा कामाची नाही.

शाईवाली, जयसिंगपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आतेभावाला फोन केला, आज दुपारी पाटीचा फोटो आला. १०० व्होल्ट. आर नंबर नाही. विक्रेत्याला सरळ विचारलं, त्याने तितकंच सरळ कळवलं की हे मशीन जपानमध्येच विकायला बनवलेलं आहे, भारतासाठीचं मॉडेल वेगळ्या कारखान्यातून निघतं आणि ते तो देऊ शकत नाही.

म्हणजे मी तीन आठवडे ८४४३ की ८४७२ यावर रात्री जागत होते, आणि मशीन मुळात यायचंच नव्हतं. आगाऊ रक्कम म्हणून ३० टक्के पाठवायची तारीख परवाची होती. डॉक्सवाले दादा, तुमच्या त्या "आज मागवा" मुळे ते पैसे बँकेत आहेत.

आता पुण्याच्या एका वितरकाकडून त्याच कुळातल्या एक ड्रमच्या मशीनचं कोटेशन घेतलंय. २३० व्होल्ट, पाटीवर आर नंबर आहे, फोटो इथे टाकण्याआधी मीच दोनदा वाचला. किंमत जपानच्या मशीनवर ड्यूटी धरून जेवढी झाली असती त्याहून थोडी जास्त आहे, आणि दोन रंगांचं काम ड्रम बदलून करावं लागेल. प्रश्नपत्रिकेला काळाच लागतो, पतसंस्थेच्या नोटिशीला लाल डोकं हवं असतं ते दुसऱ्या फेरीत काढीन. दुरुस्तीवाले दादा, तुम्ही सांगितलेला चिपचा मुद्दा त्यांना लेखी विचारलाय. इथलेच रोल, इथलीच शाई चालते असं त्यांनी ईमेलने कळवलं.

काका, एकच शेवटचं. पुढे मोठ्या ऑर्डरच्या वेळी रोल आणि शाई स्वतः मागवायची वेळ आली, तर तीही मशीनबरोबर ८४७२ मध्येच भरायची का? आणि जास्तीचा रंगीत ड्रम?

निवृत्त अप्रेझर, डोंबिवली

नाही, तिन्ही वेगळी. शाई छपाईची आहे, ३२१५. काळी वेगळ्या ओळीत, रंगीत वेगळ्या, म्हणून इनव्हॉइसवर रंगाप्रमाणे नग आणि वजन लिहून घ्या. जास्तीचा ड्रम हा मशीनचा भाग. ८४७२ च्या मशीनचे भाग ८४७३ ४० मध्ये जातात.

मास्टर रोलकडे लक्ष द्या. डुप्लिकेटर स्टेन्सिल ४८१६ मध्ये नावानिशी आहेत, पण कागदाची. तुमचा रोल म्हणजे पातळ जपानी कागदावर चिकटवलेली प्लॅस्टिकची फिल्म. उत्पादकाकडून थरांचं वर्णन, कागद किती ग्रॅमचा आणि फिल्म किती मायक्रॉनची, एका पानावर लेखी मागवा आणि बिलाला जोडा. वर्णन असं लिहा: "डिजिटल स्टेन्सिल डुप्लिकेटरसाठी मास्टर रोल, कागदाच्या आधारावर थर्मल फिल्म, ए-थ्री, इतके नग." नुसतं "रोल" लिहिलं तर खोका उघडून बघतील, आणि उघडलेल्या रोलला पावसाळ्यात दमट हवा लागली की तो सुरकुततो.

मशीन दुरुस्ती, पुणे (अप्पा बळवंत चौकाजवळ)

खरंय. जून ते सप्टेंबर मागवूच नका. आणि ताई, माळ्यावरच्या त्या जुन्या मशीनचा एक फोटो टाका ना. हँडल पितळी आहे का बघायचंय.